क्लाउडवरील नव्या मशीनवर पहिल्या दिवशी काय बसवावे, आणि का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील काही अडत दुकानांसाठी सौदे, तोलाई आणि शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या सांभाळणारे सॉफ्टवेअर तुम्ही चालवता. ते क्लाउडच्या मुंबई रीजनमधील (तिथल्या डेटा सेंटरमधील) दोन व्हर्च्युअल मशीनवर पंधराएक कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सुट्या बंद पेट्यांमध्ये, चालते; त्या पेट्या डॉकर चालवते आणि डॉकर कंपोज त्यांना एकत्र सांभाळते. डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे. गेल्या दोन महिन्यांत ऐन सौद्याच्या वेळी एकदा डिस्क भरली, एकदा नवी आवृत्ती चढवताना काही नोंदी अर्धवट राहिल्या, आणि सर्वांत गंभीर म्हणजे रोज रात्री तयार होणाऱ्या बॅकअपच्या फाइल रिकाम्या असल्याचे योगायोगाने लक्षात आले. प्रत्येक नव्या मशीनवर बसवता येतील अशा उपयुक्त स्क्रिप्ट्स कोणत्या, आणि आता कुबरनेटीसकडे (अनेक मशीनवरील कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे) वळावे का, असे तुम्ही विचारले आहे.

कुबरनेटीसबद्दल पुढे लिहितो. तुमच्या तिन्ही अडचणींत मला एक समान धागा दिसतो. डिस्क एका दिवसात भरली नसणार, ती काही आठवडे भरत होती. बॅकअप पहिल्या रात्रीपासून रिकामा होता. आणि अर्धवट नोंदीही प्रत्येक वेळी आवृत्ती चढवताना थोड्याफार होतच असणार. बिघाड होता, पण तो कोणाला सांगणारे काही नव्हते. सांगली-मिरज परिसरातील लहान व्यवसायांचे सर्व्हर मी पंधरा-सोळा वर्षे सांभाळत आहे, आणि माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे नुकसान अनेक आठवडे गप्प राहून चुकत गेलेल्या यंत्रणांनीच केले आहे. म्हणून कोणतीही स्क्रिप्ट बसवण्यापूर्वी ती अपयशी ठरली तर कोणाला, किती वेळात आणि कोणत्या मार्गाने कळेल, हे ठरवावे. पुढचे सर्व सल्ले या एका कसोटीवर घासून पाहावेत.

प्रथम तुम्ही पाठवलेल्या बॅकअपच्या ओळीकडे वळतो, कारण तिच्यात शिकण्यासारखे बरेच आहे. तिच्यात 'डॉकर एक्झेक' या, चालू कंटेनरच्या आत काम करवणाऱ्या, कमांडला 'आय' आणि 'टी' असे दोन्ही पर्याय दिले आहेत. त्यातून 'पीजी-डंप'चा, म्हणजे पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या साधनाचा, मजकूर पाइपमधून (एका कमांडचे उत्तर दुसरीकडे नेणाऱ्या नळीतून) 'जीझिप'कडे जातो आणि 'जीझिप' तो दाबून फाइलमध्ये लिहिते. टर्मिनलवर बसून ही ओळ चालवली की ती चालते, म्हणून ती बरोबर आहे असा समज होतो. परंतु ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या क्रॉनला टर्मिनल नसते. 'टी' या पर्यायाने टर्मिनलची मागणी केली जाते, ती पूर्ण होत नाही आणि 'डॉकर एक्झेक' तत्काळ चूक दाखवून थांबते. पाइपच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या 'जीझिप'ला मात्र यातले काही कळत नाही. तिला शून्य बाइटचा मजकूर मिळतो, ती तो निष्ठेने दाबून फाइल बनवते आणि यशाचा निकाल परत देते. शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्रामच्या, नेहमीच्या नियमानुसार पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, त्यामुळे संपूर्ण ओळ यशस्वी ठरते. तुमच्या रिकाम्या फाइल नेमक्या २० बाइटच्या असतील, कारण दहा बाइटचे शीर्षक, दोन बाइटचा रिकामा ऐवज आणि आठ बाइटचा शेवट मिळून रिकाम्या जीझिप फाइलचा आकार तेवढा होतो. मी कोणत्याही नव्या ग्राहकाच्या मशीनवर गेलो की बॅकअपच्या डिरेक्टरीत २० बाइटच्या फाइल आहेत का, हे सर्वांत आधी पाहतो, आणि त्या सापडण्याचे प्रमाण काळजी वाटावी इतके आहे.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक बॅश स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट' या कमांडने 'ई', 'यू' आणि 'पाइपफेल' हे तीन पर्याय चालू करावेत. 'ई'मुळे एखादी कमांड अपयशी ठरताच स्क्रिप्ट थांबते, 'यू'मुळे व्याख्या न केलेले चल वापरले तर चूक दाखवली जाते, आणि 'पाइपफेल'मुळे पाइपमधील कोणतीही कमांड फसली तर पूर्ण पाइप फसला असे धरले जाते. 'यू'चे महत्त्व कमी लेखू नये; डिरेक्टरीचे नाव ज्या चलात असायला हवे ते रिकामे राहिले आणि पुढच्याच ओळीत त्या चलासमोर तिरपी रेघ देऊन 'आरएम' ही पुसण्याची कमांड लिहिली असेल, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. मात्र 'ई'वर आंधळा विश्वास ठेवू नये. 'इफ'च्या अटीत चालणाऱ्या कमांडला ते लागू होत नाही, आणि फंक्शनमध्ये 'लोकल' शब्दाच्या ओळीतच एखाद्या कमांडचे उत्तर चलात साठवले तर त्या कमांडचे अपयश 'लोकल'च्या यशाखाली झाकले जाते. म्हणून चलाची घोषणा एका ओळीत आणि मूल्य दुसऱ्या ओळीत लिहावे. हे सारे लक्षात ठेवणे अवघड वाटत असेल तर 'शेलचेक' हे मुक्त साधन वापरावे. ते अशा बहुतेक चुका ओळ क्रमांकासह दाखवते, आणि आमच्याकडे त्याच्या तपासणीतून न गेलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर चढत नाही.

याच सांगाड्यात आणखी तीन सवयी घालाव्यात. एक म्हणजे 'एफलॉक', ज्यामुळे आधीची फेरी संपण्यापूर्वी तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा सुरू होत नाही. बॅकअप लांबला आणि त्यावर दुसरा बॅकअप चढला की मशीन दोन्हींखाली दबते. दुसरी म्हणजे 'टाइमआउट', कारण अडकून पडलेली स्क्रिप्ट चूक दाखवत नाही, ती फक्त संपत नाही. तिसरी म्हणजे फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून, काम पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव देणे. मग खऱ्या नावाची फाइल दिसली याचाच अर्थ ती अर्धवट नाही, असे खात्रीने म्हणता येते.

क्रॉनच्या दोन सापळ्यांचा उल्लेख येथेच करतो. क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाला विशेष अर्थ आहे. ते नव्या ओळीसारखे धरले जाते आणि कमांड तिथेच तुटते. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी 'डेट' कमांडबरोबर टक्क्याचे चिन्ह लिहिणारे बहुतेक जण एकदा तरी यात अडकतात. शिवाय क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) अगदी तोकडा असतो, त्यामुळे हाताने चालणारी कमांड क्रॉनला सापडतच नाही. दोन्हींवर सोपा मार्ग असा की क्रॉनच्या ओळीत केवळ स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता असावा आणि बाकी सर्व स्क्रिप्टच्या आत असावे.

वेळेबाबतही सांगणे आवश्यक आहे. क्लाउडवरील मशीन बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री दोनचा बॅकअप म्हणून क्रॉनमध्ये दोन लिहिले तर तो आपल्या सकाळी साडेसातला चालतो, म्हणजे यार्डात गाड्या लागत असताना. आपल्या रात्री दोनसाठी यूटीसीचे २० वाजून ३० मिनिटे लिहावे लागतात. रात्री सव्वाबाराला 'कालच्या' सौद्यांचा अहवाल काढणारी स्क्रिप्ट तर आणखी फसवी असते, कारण त्या क्षणी यूटीसीनुसार आदलीच तारीख चालू असते आणि 'काल' म्हणून परवाची तारीख धरली जाते. माझा आग्रह असा की मशीनची वेळ यूटीसीच राहू द्यावी, डेटाबेसमध्ये वेळ टाइमझोनसह साठवावी, आणि वेळापत्रकासाठी क्रॉनऐवजी सिस्टमडीचे (लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचे) टायमर वापरावेत. त्यांत 'एशिया-कोलकाता' हा टाइमझोन वेळेच्या शेजारीच लिहिता येतो, आणि मशीन बंद असल्यामुळे चुकलेली फेरी मशीन सुरू झाल्यावर भरून काढण्यासाठी 'पर्सिस्टंट' हा पर्यायही मिळतो.

आता पुन्हा बॅकअपकडे येतो, कारण तुमच्या व्यवसायात शेतकऱ्याच्या पट्टीची नोंद हरवणे म्हणजे केवळ तांत्रिक चूक राहत नाही. बॅकअपची फाइल तयार झाली, तिचा आकारही योग्य दिसला, तरी ती उपयोगी आहे हे सिद्ध होत नाही. 'पीजी-डंप'च्या कस्टम प्रकारातील फाइलची यादी 'पीजी-रिस्टोअर'ने पाहता येते, पण ती यादी फाइलच्या सुरुवातीला असते. फाइल मधेच तुटलेली असली तरी यादी व्यवस्थित दिसू शकते. खरी तपासणी एकच, ती म्हणजे बॅकअप प्रत्यक्ष परत बसवून पाहणे. कंटेनरमुळे हे काम आता इतके स्वस्त झाले आहे की ते टाळण्याला कारण उरलेले नाही. आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर एक स्क्रिप्ट चालावी. तिने ताज्या बॅकअपची फाइल उतरवून घ्यावी, त्याच आवृत्तीच्या पोस्टग्रेसचा तात्पुरता कंटेनर उभा करावा, फाइल त्यात बसवावी, आणि मग दोन प्रश्न विचारावेत: सौद्यांच्या तक्त्यात गेल्या आठवड्यापेक्षा कमी ओळी आहेत का, आणि सर्वांत अलीकडची नोंद कोणत्या तारखेची आहे. दोन्ही उत्तरे पटली तरच यशाचा निरोप द्यावा आणि कंटेनर पुसून टाकावा. हेही लक्षात असू द्या की 'पीजी-डंप' एका डेटाबेसपुरते असते, त्यात वापरकर्त्यांच्या भूमिकांच्या व्याख्या येत नाहीत. त्या 'पीजी-डंपऑल'ने वेगळ्या घ्याव्या लागतात. अपलोड केलेल्या वजनपावत्यांचे फोटो ज्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या साठवणीत) आहेत, त्याचाही बॅकअप तितकाच आवश्यक आहे.

कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१७ रोजी घडलेली घटना मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला लावतो, कारण त्या कंपनीने ती स्वतःच सविस्तर आणि प्रामाणिकपणे प्रसिद्ध केली. थकलेल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० गीगाबाइटपैकी चार-साडेचार गीगाबाइट उरले तेव्हा चूक लक्षात आली. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले की 'पीजी-डंप' जुन्या ९.२ आवृत्तीचे चालत होते आणि डेटाबेस ९.६ चा होता, त्यामुळे बॅकअप होतच नव्हते. त्याची सूचना देणारे ईमेल पाठवले जात होते, पण ते स्वाक्षरीअभावी मेल सर्व्हरकडून नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तासांचा डेटा गेला. तुमच्या २० बाइटच्या फाइलींची कथा आणि ही कथा मुळात एकच आहे.

या घटनेतील ईमेलचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'चूक झाली तर कळव' अशी रचना पुरेशी नसते, कारण मशीनच बंद पडले, क्रॉनच थांबले किंवा निरोपच पोहोचला नाही, तर शांतता पसरते आणि शांतता यशासारखीच दिसते. म्हणून रचना उलटी करावी. स्क्रिप्टने प्रत्येक यशानंतर दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हजेरी लावावी, आणि ठरलेल्या मुदतीत हजेरी लागली नाही तर त्या दुसऱ्या ठिकाणाने ओरड करावी. 'अपटाइम कुमा' किंवा 'हेल्थचेक्स' ही दोन्ही मुक्त साधने हे काम उत्तम करतात. रोजच्या बॅकअपसाठी मी २६ तासांची मुदत ठेवतो. पहारेकरी त्याच मशीनवर बसवू नये, एवढेच पथ्य आहे. आणि हजेरीची ओळ स्क्रिप्टच्या अगदी शेवटी असावी, सर्व तपासण्यांच्या नंतर.

बॅकअप कोठे ठेवावा, याबाबत आपल्या सांगलीकरांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये. २००५ च्या महापुरात हरिपूरची हळदीची पेवे (जमिनीखालची कोठारे) पाण्याखाली गेली. पिढ्यान्पिढ्या सुरक्षित मानलेली साठवण एकाच पुराने निकामी केली, कारण ती सारी एकाच काठावर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या एका ग्राहकाचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच खोलीतील कपाटात होती. कपाट उंच होते, पण पाणी त्याहून उंच आले. त्या प्रसंगापासून माझा नियम पक्का झाला की बॅकअपची एक प्रत तरी वेगळ्या शहरात आणि वेगळ्या खात्यात असलीच पाहिजे. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचे मुंबई रीजन २०१६ पासून आणि हैदराबादचे २०२२ पासून आहे. तुमची मशीन मुंबईत आहेत, म्हणून प्रत हैदराबादला पाठवावी. शहराइतकेच खातेही वेगळे असावे, कारण पासवर्ड चोरणाऱ्याला शहरांमधले अंतर अडवत नाही. सर्व्हरकडे असलेल्या चावीला नवी फाइल लिहिण्याचा अधिकार द्यावा, जुनी पुसण्याचा देऊ नये, आणि बकेटवर (क्लाउडवरील साठवणीच्या जागेवर) व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती राखणे, चालू ठेवून ठरावीक दिवसांचे ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे न पुसण्याचे कुलूप, लावावे. म्हणजे सर्व्हर ताब्यात घेतलेल्या माणसालाही जुने बॅकअप नष्ट करता येणार नाहीत.

डिस्क भरण्याची कारणे बहुधा चार-पाचच असतात, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय लॉगवर, म्हणजे प्रोग्राम लिहीत जाणाऱ्या नोंदवहीवर, आहे. डॉकरची लॉग साठवण्याची नेहमीची पद्धत जेसन फाइलची आहे आणि तिच्यावर मूळात कोणतीही मर्यादा नसते. बडबडा कंटेनर महिनोन्महिने चालू राहिला की त्याचा लॉग डिस्क संपेपर्यंत वाढतो. 'ईटीसी' डिरेक्टरीतील डॉकरच्या 'डेमन डॉट जेसन' या फाइलमध्ये 'मॅक्स-साइज' १० मेगाबाइट आणि 'मॅक्स-फाइल' ३ असे लिहिले की प्रत्येक कंटेनरचा लॉग तीस मेगाबाइटच्या आसपास थांबतो. दोन्ही मूल्ये अवतरणचिन्हांत लिहावी लागतात, नाहीतर डॉकर सुरूच होत नाही. म्हणून बदल केल्यावर डॉकर पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'डॉकरडी'च्या 'व्हॅलिडेट' पर्यायाने फाइल तपासून घ्यावी. याहून महत्त्वाचे म्हणजे ही मर्यादा फक्त नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरना लागू होते. जुना कंटेनर केवळ रीस्टार्ट करून उपयोग नाही, तो कंपोजच्या 'फोर्स-रीक्रिएट' पर्यायाने नव्याने घडवावा लागतो. मर्यादा लावूनही डिस्क भरली म्हणून हताश झालेले अनेक जण याच पायरीवर अडकलेले असतात.

डिस्क भरलीच, तर लॉगची मोठी फाइल 'आरएम'ने पुसू नये. डॉकरने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जाते पण जागा मोकळी होत नाही. 'ट्रंकेट'ने तिचा आकार शून्य करावा. डिस्कची जागा मोजणारी 'डीएफ' कमांड जागा शिल्लक दाखवत असेल आणि तरीही जागा नसल्याची चूक येत असेल, तर 'डीएफ'ला 'आय' पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपले आहेत का ते पाहावे. 'डॉकर सिस्टीम डीएफ'ने इमेज (कंटेनर ज्यावरून घडतो तो साचा), कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्डचा कॅशे यांनी किती जागा घेतली आहे ते वेगवेगळे कळते. जुन्या इमेजेस आणि बिल्डचा कॅशे काढण्यासाठी आठवड्यातून एकदा 'प्रून' चालवणे चांगले, आणि तेही १६८ तासांपेक्षा जुन्या वस्तूंपुरते मर्यादित ठेवून, म्हणजे कालच्या आवृत्तीवर परत जायची वेळ आली तर तिची इमेज हाताशी राहते. व्हॉल्यूम पुसणारा पर्याय मात्र स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. चुकून थांबलेल्या डेटाबेसचे व्हॉल्यूम आणि खरोखर टाकाऊ व्हॉल्यूम यांतला फरक स्क्रिप्टला समजत नाही.

डॉकरचा ऐवज, विशेषतः व्हॉल्यूम आणि लॉग, 'व्हार-लिब-डॉकर' या डिरेक्टरीत असतो. ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी, म्हणजे ती भरली तरी मूळ मशीनमध्ये लॉगइन करता येते. ही डिस्क 'एफएस-टॅब'मध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) जोडताना तिचे यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहावे, कारण क्लाउडवर उपकरणांची नावे मशीन सुरू होताना बदलू शकतात. डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होऊ देणारा 'नोफेल' हा पर्याय लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यही आहे, पण त्यातून एक अत्यंत धोकादायक प्रसंग उद्भवतो, जो मी एकदा प्रत्यक्ष अनुभवला आहे. डिस्क जोडली गेली नाही, मशीन मात्र सुरू झाले, डॉकरला रिकामी डिरेक्टरी दिसली, डिप्लॉय स्क्रिप्टने इमेजेस पुन्हा उतरवल्या, आणि पोस्टग्रेसने कोरा करकरीत डेटाबेस तयार करून काम सुरू केले. वापरणाऱ्यांना लॉगइन होईना म्हणून फोन आले, नाहीतर दिवसभराच्या नोंदी त्या कोऱ्या डेटाबेसमध्ये गेल्या असत्या. तेव्हापासून डॉकरच्या सिस्टमडी युनिटला 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' ही अट मी न चुकता जोडतो; डिस्क जोडलेली नसेल तर डॉकर सुरूच होत नाही, आणि हजेरी न लागल्याने पाच मिनिटांत फोन वाजतो.

अर्धवट राहिलेल्या नोंदींचे कारण बहुधा सिग्नलमध्ये सापडेल. 'डॉकर स्टॉप' प्रथम कंटेनरमधील पहिल्या प्रोसेसला 'सिगटर्म' (थांबण्याची सूचना देणारा सिग्नल) पाठवते, दहा सेकंद थांबते आणि मग 'सिगकिल'ने तिला मारते. डॉकरफाइलमध्ये (इमेज घडवण्याच्या कृतीत) 'सीएमडी'ची, म्हणजे काय चालवायचे ते सांगणारी, ओळ साध्या वाक्यासारखी लिहिली असेल तर पहिली प्रोसेस शेल असू शकते, आणि शेल हा निरोप तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवत नाही. प्रोग्राम दहा सेकंद नेहमीप्रमाणे नोंदी घेत राहतो आणि मग एका फटक्यात संपतो. 'सीएमडी' चौकटी कंसांतील यादीच्या रूपात लिहावी, आणि सुरुवातीला चालणाऱ्या शेल स्क्रिप्टची शेवटची ओळ 'एक्झेक'ने सुरू करावी, म्हणजे प्रोग्राम शेलची जागा घेतो. प्रोग्राममध्ये 'सिगटर्म' आल्यावर नव्या विनंत्या थांबवून हातातल्या पूर्ण करण्याची सोय लिहावी लागेल, आणि अर्थातच तोलाई व पट्टी या दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर पूर्ण होणाऱ्या, नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या व्यवहारात) असायला हव्यात. ते नसेल तर सिग्नल दुरुस्त करूनही प्रश्न सुटणार नाही. निदानासाठी कंटेनरचा निर्गमन क्रमांक पाहावा. १४३ म्हणजे 'सिगटर्म'ने थांबला, १३७ म्हणजे 'सिगकिल'ने मारला गेला. तुम्ही काही थांबवलेले नसताना १३७ दिसला तर मेमरी संपल्याचा संशय घ्यावा आणि 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये 'ओओएम-किल्ड'ची नोंद तपासावी. कंपोजमध्ये प्रत्येक सेवेला मेमरीची मर्यादा दिली तर एका अहवालाच्या हावरेपणाची शिक्षा डेटाबेसला भोगावी लागत नाही.

हेल्थचेकबद्दल, म्हणजे कंटेनर नीट चालतो का याच्या तपासणीबद्दल, एक गैरसमज दूर करतो. कंटेनर 'अनहेल्दी' झाला की डॉकर त्याला आपोआप रीस्टार्ट करते, असे अनेकांना वाटते. कंपोजमध्ये तसे होत नाही. रीस्टार्टचे धोरण प्रोसेस संपली तरच लागू होते. हेल्थचेकचा खरा उपयोग सुरू होण्याच्या क्रमासाठी आहे: पोस्टग्रेसला 'पीजी-इजरेडी'चा हेल्थचेक द्यावा आणि बाकी सेवांना तो 'हेल्दी' होईपर्यंत थांबण्याची अट घालावी.

पोर्टच्या, म्हणजे नेटवर्कवरील दारांच्या, बाबतीत तुमच्या कंपोज फाइलमधील एक ओळ आज रात्रीच बदला, अशी कळकळीची विनंती आहे. तुम्ही पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट उघडला आहे आणि उबंटूच्या 'यूएफडब्ल्यू' या फायरवॉलने तो बंद आहे असे गृहीत धरले आहे. डॉकर स्वतःचे नियम आयपीटेबल्सच्या (लिनक्समधील नेटवर्क नियमांच्या) नॅट तक्त्यात लिहिते, आणि बाहेरून आलेले पॅकेट 'यूएफडब्ल्यू'च्या तपासणीपर्यंत पोहोचण्याआधीच कंटेनरकडे वळवले जाते. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपने (मशीनबाहेरील फायरवॉलने) आज तुम्हाला वाचवले असेल, पण कोणीतरी चाचणीसाठी तो सैल केला की डेटाबेस जगाला खुला होईल. कंटेनर एकमेकांशी कंपोजच्या अंतर्गत नेटवर्कवर बोलतात, त्यासाठी पोर्ट उघडण्याची गरजच नाही. देखभालीसाठी हवाच असेल तर त्याच्यापुढे १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) लिहावे आणि एसएसएचच्या बोगद्यातून जावे.

इमेजच्या नावात 'लेटेस्ट' लिहू नये, विशेषतः पोस्टग्रेसच्या. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नवा सर्व्हर वाचू शकत नाही, आणि एका निष्पाप 'पुल'नंतर (नवी इमेज उतरवल्यानंतर) डेटाबेस सुरू व्हायला नकार देतो.

वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांबाबत, ती मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची आठवण देणारे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे ती जबाबदारी आता तुमचीच आहे. नूतनीकरण झाले तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड न झाल्याने जुनेच प्रमाणपत्र मिरवले जाते, असे वारंवार घडते. म्हणून तपासणी डिस्कवरील फाइलची न करता बाहेरून, 'ओपनएसएसएल'ने प्रत्यक्ष जोडणी करून करावी आणि २० दिवसांपेक्षा कमी उरले की ओरड करावी. प्रमाणपत्रांच्या कमाल मुदती टप्प्याटप्प्याने घटून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहेत, तेव्हा हे काम हाताने करण्याची सवय आताच सोडलेली बरी.

खर्चासाठी मोठे साधन लागत नाही. आठवड्यातून एकदा तीन याद्या काढणारी स्क्रिप्ट पुरते: कोणत्याही मशीनला न जोडलेल्या डिस्क, नव्वद दिवसांपेक्षा जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती), आणि पब्लिक आयपीव्ही-४ पत्ते. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक पत्त्यासाठी, तो वापरात असला तरी, ताशी ०.००५ डॉलर आकारते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून अधिक. स्क्रिप्टने यादी पाठवावी, पुसण्याचा निर्णय माणसाने घ्यावा.

आता कुबरनेटीस. २०१४ मध्ये गूगलने ते जाहीर केले, आणि अनेक मशीनवर शेकडो कंटेनर हलवत ठेवायचे असतील तर त्याला तोड नाही. तुमच्याकडे दोन मशीन, पंधरा कंटेनर आणि सांभाळणारी दोन माणसे आहेत. वर सांगितलेल्यांपैकी एकही अडचण कुबरनेटीसने आपोआप सुटणार नाही. बॅकअप तिथेही रिकामा होऊ शकतो, 'सिगटर्म' तिथेही हाताळावा लागतो, आणि त्यात दर काही महिन्यांनी आवृत्ती चढवण्याचे कामही वाढते. माझा स्पष्ट सल्ला असा की यंदाचा हंगाम कंपोजवरच काढावा. त्याऐवजी मशीन उभे करण्याच्या सर्व पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये किंवा अन्सिबलमध्ये (मशीन तयार करण्याच्या साधनात) लिहून गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणाऱ्या साठ्यात) ठेवाव्यात, आणि ती स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तरी काही बिघडू नये अशा रीतीने लिहावी. क्लाउडवरील मशीन लिखित वर्णनावरून उभी करणारे टेराफॉर्म वापरणार असाल तर त्याची स्टेट फाइल (काय उभे केले याची नोंद) गिटमध्ये टाकू नये, कारण तिच्यात पासवर्ड उघड स्वरूपात येऊ शकतात. ती लॉकिंगची सोय असलेल्या बकेटमध्ये ठेवावी.

हे सर्व एका आठवड्यात होणार नाही, म्हणून क्रम सांगतो. आज रात्री पोर्टची ओळ बदला आणि बॅकअपच्या ओळीतून 'टी' काढून 'पाइपफेल' घाला. उद्या हजेरीचा पहारेकरी बसवा आणि मुद्दाम एक रात्र बॅकअप बंद ठेवून फोन वाजतो का ते पाहा. लॉगची मर्यादा, सिग्नल आणि डिस्कची अट या गोष्टी रविवारी, यार्ड बंद असताना करता येतील. त्यानंतर, फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढण्यापूर्वी, एक दिवस ठरवून कोऱ्या मशीनवर गिटमधील स्क्रिप्ट आणि हैदराबादचा बॅकअप एवढ्याच दोन गोष्टींच्या आधारे संपूर्ण यंत्रणा उभी करून पाहा, आणि सुरुवात केल्यापासून पहिली हिशोबपट्टी छापली जाईपर्यंत किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. एखाद्या अडत्याने कधी विचारले की सर्व काही गेले तर किती वेळात परत येईल, तर त्याला तोच आकडा सांगा.